हलक्या शब्दांचे वजन

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाच्या अखेरीस श्वापदाची संख्या दिलेली आहे : सहाशे सहासष्ट. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला ही संख्या अवचित कुठे दिसली, तर त्याच्या मनात नकळत एक शंका चुकचुकते. आता अशा माणसाने चीनमधील एखाद्या तरुणाच्या खांद्यावरून त्याच्या हातातल्या पडद्यात डोकावून पाहिले, अशी कल्पना करा. चित्रफितीत एक स्वयंपाकी सुरीने बटाट्याचे दोऱ्यासारखे बारीक काप करीत आहे, आणि त्या चित्रावरून उजवीकडून डावीकडे एकच आकडा ओळीमागून ओळीने धावत आहे : ६६६, ६६६, ६६६६६६. पाहणाऱ्याला वाटेल, हा कसला अभद्र प्रकार!

वस्तुतः त्यात अभद्र असे काहीच नाही. चिनी भाषेत सहा या अंकाचा उच्चार 'लिऊ' असा होतो, आणि 'सफाईदार', 'सराईत' अशा अर्थाने बोलीत वापरल्या जाणाऱ्या एका शब्दाचा उच्चारही तसाच आहे. तेव्हा तीन वेळा सहा म्हणजे 'व्वा! काय हात बसला आहे!' एवढेच. ज्या आकड्याने आपण दचकलो, ती एका अनोळखी स्वयंपाक्याला हजारो अनोळखी तरुणांनी दिलेली शाबासकी होती.

आपला गैरसमज दूर झाला. पण त्याच्या जागी दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. अंगठ्याच्या एका हालचालीने, निमिषार्धात, तोंडही न उघडता दिलेल्या या शाबासकीला काही वजन आहे काय? आणि शाबासकीला वजन नसेल, तर त्याच अंगठ्याने त्याच सहजतेने दिलेल्या शिवीलाही ते नाही, असे म्हणायचे काय? संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, माणसाने उच्चारलेल्या प्रत्येक फुकट शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी त्याला द्यावा लागेल. हा इशारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु फुकट शब्द म्हणजे नेमका कोणता? थट्टेतला प्रत्येक शब्द फुकट असतो का? चिनी तरुणांच्या या नव्या बोलीकडे पाहताना हा जुना प्रश्न मला पुन्हा नव्याने पडतो.

ही बोली जिथे नांदते ती जागा प्रथम समजून घ्यावी लागेल. चित्रफितीखाली अभिप्राय लिहिण्याची रीत जगभर आहे. चीनमध्ये मात्र अभिप्राय चित्राच्या खाली राहत नाहीत, ते चित्रावरूनच वाहत जातात. या प्रकाराला तिकडे 'दान्मू' म्हणतात. शब्दशः अर्थ 'गोळ्यांचा पडदा', म्हणजे तोफखान्याने अखंड मारा करून उभी केलेली भिंत. हा प्रकार मूळचा जपानी. तेथील 'निकोनिको' या संकेतस्थळावर तो २००६ साली सुरू झाला, चीनमध्ये तो आधी 'एसीफन'ने आणि मग २००९ साली शांघायच्या 'बिलिबिली'ने उचलला, आणि पुढे तो तेथील तरुणाईच्या अंगवळणी पडला.

यातली मौज अशी की, हे अभिप्राय घड्याळाच्या वेळेला बांधलेले नसतात. ते चित्रफितीतील क्षणाला बांधलेले असतात. एखाद्या मुलीने २०१९ साली तिसऱ्या मिनिटाला पाहून 'किती सुंदर!' असे लिहिले असेल, तर आज ती चित्रफीत लावणाऱ्याला नेमक्या तिसऱ्या मिनिटाला ते शब्द दिसतात. जणू ती मुलगी शेजारच्याच खुर्चीवर बसली आहे आणि आत्ताच उद्गारली आहे. रात्री अकरा वाजता परक्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत एकटाच जेवणारा तरुण अशा रीतीने एका मोठ्या सभेत बसून जेवतो. सभेतली कित्येक माणसे कधीच उठून गेलेली असतात, त्यांचे शब्द तेवढे मागे राहिलेले असतात. या संगतीला कोणी आभास म्हणेल. पण काळाच्या पलीकडे एकमेकांशी जोडलेल्या माणसांची ओढ आपल्याला परकी नाही. संतांच्या समागमावर आपण श्रद्धा ठेवतो. पडद्यावरची संगत ही काही तो समागम नव्हे, परंतु माणसाच्या अंतःकरणातली जी तहान त्या समागमात भागते, तीच तहान इथे कोरड्या ओठांनी पाण्याचा भास शोधते आहे, एवढे तरी मान्य करायला हवे.

धावत्या ओळीत लांबलचक वाक्य मावत नाही. म्हणून ही बोली आखूड झाली. कधी ती आकडे वापरते, कधी सारख्या उच्चाराचा दुसराच शब्द योजते, कधी चिनी शब्दांच्या रोमन लिपीतील आद्याक्षरांवर भागवते. 'आई गं, मेलेच मी!' अशा अर्थाच्या चार चिनी शब्दांची आद्याक्षरे 'ए डब्ल्यू एस एल'. काही गोंडस किंवा मनोहर दिसले की ती उमटतात. २०१९ साली त्या संकेतस्थळाने वर्षाचा अभिप्राय म्हणून हीच अक्षरे निवडली होती. २०२१ साली निवडलेला शब्द होता 'पोफांग', म्हणजे 'तटबंदी फुटली'. खेळातल्या बचावाचा हा शब्द, पण तो वापरला जातो मन हेलावल्यावर, डोळे भरून आल्यावर. रडू आले असे सरळ न म्हणता तटबंदी फुटली म्हणायचे, यात तरुण मनाचा संकोचही आहे आणि काव्यही आहे.

आद्याक्षरांच्या या खेळाला आपण हसू नये. आपल्या प्रत्येक क्रूसावर चार अक्षरे असतात : आय एन आर आय. 'नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरेच आहेत. छळाच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी मासोळी ही आपली खूण मानली. कारण ग्रीक भाषेत मासोळीला जो शब्द आहे, त्याची अक्षरे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या शब्दांची आद्याक्षरे होतात. ज्याला कळायचे त्याला कळावे आणि ज्याच्यापासून लपवायचे त्याला कळू नये, अशी ती युक्ती होती. चिनी तरुणही तेच करतात. 'सुसंवादी समाज' ही घोषणा सरकारने २००४ सालापासून दिली, आणि नको असलेले लेखन पुसले जाऊ लागले, तेव्हा लोक त्याला 'सुसंवादी झाले' असे उपरोधाने म्हणू लागले. पुढे तो उपरोधही पुसला जाऊ लागला. मग त्यांनी तशाच उच्चाराचा दुसरा शब्द घेतला : 'नदीतला खेकडा'. हा शब्द बाहेरून पोरकट दिसतो, पण त्याच्या आत एक धास्तावलेला माणूस बसलेला असतो.

या बोलीतली आणखी चार अक्षरे श्रद्धावंताच्या कानाला खटकतात : 'वाय वाय डी एस'. 'योंगयुआन द शन' याचा हा संक्षेप. अर्थ होतो 'सदासर्वकाळचा देव'. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या चिनी खेळाडूंवर या अक्षरांचा वर्षाव झाला. पुढे ती चविष्ट शेवयांच्या वाडग्यालाही लावली जाऊ लागली. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दुसरी आज्ञा आपल्याला पाठ आहे. मग हा आज्ञाभंग झाला का?

येथे घाईने निवाडा देण्यापूर्वी आपल्याच इतिहासातले एक पान उलटून पाहू. येशूसंघीय धर्मगुरू मत्तेओ रिच्ची हे १५७८ साली गोव्याला आले आणि तेथून पुढे १५८३ साली चीनमध्ये स्थिरावले. त्यांच्यामागून एका वर्षाने, १५७९ साली, गोव्यात उतरलेले दुसरे येशूसंघीय म्हणजे आपले फादर थॉमस स्टीफन्स. दोघांपुढे एकच कोडे होते : या लोकांच्या भाषेत देवाला काय म्हणायचे, स्वर्गाला काय म्हणायचे? स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापून निघालेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. चीनमध्ये रिच्ची आणि त्यांचे सहकारी यांनी 'तिएनचू', म्हणजे 'स्वर्गाचा प्रभू' हा शब्द रूढ केला, आणि जुन्या चिनी ग्रंथांतले दुसरे शब्दही स्वीकारले. या शब्दांवरून पुढे शंभर वर्षे वाद झाला, आणि १७१५ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी इतर शब्द बाजूला सारून 'तिएनचू' हाच ग्राह्य ठरवला. आजही चिनी कॅथॉलिक भाविक देवाला याच नावाने हाक मारतात. 'शन' हा शब्द चिनी भाषेत त्याहून फार सैल आहे. त्यात देवदेवता येतात, अद्भुत शक्ती येतात, असामान्य कौशल्यही येते. खेळाडूला 'शन' म्हणणारा तरुण सृष्टिकर्त्या पित्याचे सिंहासन त्याला देत नसतो. जो शब्द आपण आपल्या कोशात पाहून पाप ठरवला असता, तो त्यांच्या तोंडी केवळ अतिशयोक्ती आहे.

तथापि अतिशयोक्तीही अगदी निर्दोष नसते. शेवयांचा वाडगा जर सदासर्वकाळचा देव झाला, तर खरोखर महान असे काही समोर आल्यावर त्या तरुणाकडे कोणता शब्द उरेल? नाणी बेसुमार पाडली की पैसा पडतो. शब्दांचेही तसेच आहे. ही अक्षरे वारंवार वापरणाऱ्यांना स्वतःचे असे काही बोलताच येत नाही, अशी तक्रार चीनमध्येच शिक्षक आणि लेखक करीत आले आहेत. शब्द हरवला की त्याच्याबरोबर ती भावना ओळखण्याची शक्तीही मंदावते. हा दोष आहे, पण तो दारिद्र्याचा दोष आहे, दुष्टपणाचा नव्हे. दारिद्र्याला शिक्षा करून ते जात नाही.

आता याच बोलीतल्या दुसऱ्या शब्दांकडे वळू. ते हसत हसत लिहिलेले असतात, पण ऐकताना हसू येत नाही. कचेरीत राबणारा तरुण स्वतःला 'शेचू' म्हणवतो. मूळ शब्द जपानी, अर्थ 'कंपनीचे गुरू'. माणसाने स्वतःला जनावर म्हणावे, हे कुठून आले? चीनमधील तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत '९९६' नावाची रीत पडली होती. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस काम. २०१९ साली तरुण कर्मचाऱ्यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा अलीबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी असे काम करायला मिळणे हे भाग्यच होय, असे मत मांडले. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रीत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. त्या आधी आणि नंतरही पडद्यावरून तो एकच शब्द वाहत राहिला : गुरू, गुरू, गुरू.

दुसरा शब्द 'नेइजुआन', म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ साली जावा बेटावरच्या भातशेतीविषयी लिहिताना यामागची कल्पना मांडली होती. त्याच तुकड्यात अधिकाधिक माणसे राबतात, मशागत अधिकाधिक बारकाईची होते, पण माणशी पदरात पडणारे काही वाढत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाडी आहे, भावाभावांत वाटण्या होऊन वाफे अरुंद झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विद्वानांच्या ग्रंथातला हा शब्द २०२० साली चिनी विद्यार्थ्यांनी उचलला आणि आपल्या जगण्याला लावला. नाटकात पुढच्या रांगेतला एकजण उभा राहिला की मागच्या सर्वांना उभे राहावे लागते. कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. तशी ही परीक्षांची आणि नोकऱ्यांची शर्यत.

तिसरा शब्द सर्वांत गाजला : 'तांगपिंग', म्हणजे सपाट पडून राहणे. एप्रिल २०२१ मध्ये एका तरुणाने थोडक्यात भागवून, फारसे काम न करता, कशाचाही हव्यास न धरता जगण्याचे समर्थन करणारा मजकूर लिहिला. पिंपात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिसचा दाखला त्याने दिला होता. तो मजकूर काढून टाकण्यात आला, पण शब्द देशभर पसरला. एका सरकारी वृत्तपत्राने तो लाजिरवाणा ठरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या पक्षाच्या मुखपत्रातील लेखात 'नेइजुआन' आणि 'तांगपिंग' हे दोन्ही टाळावेत असे नमूद करण्यात आले. पोरांच्या थट्टेतला शब्द राष्ट्राध्यक्षांच्या लेखणीपर्यंत पोहोचला. हलक्या शब्दाला वजन नसते, असे कोण म्हणेल?

मग पडून राहणे हे पाप आहे काय? सात महापापांत आळसाची गणना आहे. परंतु ज्या तपस्व्यांनी वाळवंटात राहून या पापाचा शोध घेतला, त्यांनी त्याचा अर्थ केवळ अंग मोडून काम न करणे असा केला नव्हता. चौथ्या शतकातील इव्हाग्रियस याने भर दुपारी भिक्षूवर झडप घालणारी एक उदासीनता वर्णिली आहे. संत थॉमस अॅक्विनास यांनी तिची व्याख्या अशी केली की, देवाकडून लाभणाऱ्या कल्याणाविषयीच वाटणारी ती खिन्नता होय. याचा अर्थ असा की, दिवसाचे बारा तास राबणारा माणूसही या पापात बुडालेला असू शकतो, आणि झाडाखाली पहुडलेला माणूस त्यातून मुक्त असू शकतो. त्याच्यात प्रेम करण्याची इच्छा शिल्लक आहे की मेली आहे, हा खरा प्रश्न. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, ही शिकवण ठामपणे मांडली. ज्या व्यवस्थेत माणूस स्वतःला गुरू म्हणू लागतो, तिथे पडून राहणाऱ्यावर आळसाचा ठपका ठेवण्यापूर्वी त्या व्यवस्थेने आपले हात तपासून पाहायला हवेत.

पवित्र शास्त्रातही एकजण असा सपाट पडला होता. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय आठवा. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला एलिया संदेष्टा अरण्यात एका झुडपाखाली कोसळतो, आता पुरे झाले, मला मरण दे, असे देवाला विनवतो आणि झोपी जातो. देवदूत येतो. तो काय करतो? त्याला आळशी म्हणत नाही. त्याच्या कर्तव्याची आठवण देत नाही. त्याला स्पर्श करतो आणि ऊठ, खा, एवढेच सांगतो. उशाशी भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि तेव्हा कुठे सांगतो की वाट लांबची आहे. आधी भाकर, मग झोप, मग पुन्हा भाकर, आणि शेवटी वाट. हा क्रम आपण वडीलमंडळी बहुधा उलटा करतो.

'पुरे झाले' हा एलियाचा उद्गार फुकट शब्द होता काय? मुळीच नाही. ती प्रार्थना होती. २०२३ च्या आरंभी चिनी पदवीधरांनी लेखक लू शुन यांच्या १९१९ सालच्या एका कथेतला कोंग यीजी आठवला. तो एक दरिद्री विद्वान. गुत्त्यात मजुरांबरोबर उभ्याने पितो, पण विद्वानाचा लांब झगा काही अंगावरून उतरवत नाही. गिऱ्हाइके त्याची टर उडवतात. पुढे त्याचे पाय मोडले जातात, आणि एक दिवस तो येईनासा होतो. मालकाला त्याची आठवण होते ती फळ्यावर राहिलेल्या १९ नाण्यांच्या उधारीपुरती. आमची पदवी म्हणजे तो झगाच, असे तरुण लिहू लागले. त्या वर्षी जूनमध्ये १६ ते २४ वर्षे वयाच्या शहरी तरुणांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर पोहोचली होती. ऑगस्टमध्ये हे आकडे प्रसिद्ध करणे थांबवण्यात आले, आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना वगळणाऱ्या नव्या पद्धतीने ते पुन्हा सुरू झाले. आकडे थांबले होते, तेव्हाही कोंग यीजीची थट्टा चालूच होती. हुंदका जिथे मोठ्याने देता येत नाही, तिथे तो विनोदाचा झगा घालून येतो.

पण कोंग यीजीच्या कथेला दुसरी बाजूही आहे. त्याला हसणारी ती गिऱ्हाइके कोण होती? प्रत्येकाने थोडेसेच हसून घेतले होते. कोणीही एकट्याने त्याचा जीव घेतला नव्हता. या धावत्या अभिप्रायांच्या जगातही तसेच गुत्ते आहेत. गोळ्यांचा पडदा हे नाव तिथे शब्दशः खरे ठरते. प्रत्यक्षात भित्रा, पण लिहिताना शूर अशा माणसाला चिनी तरुणांनीच नाव दिले आहे : 'कळफलकावरचा वीर'. अशा हजारो वीरांच्या माऱ्यात तरुण जीव गेले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनचे सर्वोच्च न्यायालय, सरकारी अभियोगाचे सर्वोच्च कार्यालय आणि पोलीस खात्याचे मंत्रालय यांना अशा झुंडीच्या छळाविरुद्ध एकत्रित मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. अडचण जुनीच आहे. कायदा गर्दीला शिक्षा करीत नाही, अशी चिनी भाषेत एक पूर्वापार म्हण आहे. प्रत्येकाच्या हातात एकच लहानसा दगड, मग खुनी कोण?

संत योहानच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात प्रभू येशूपुढे नेमकी अशीच गर्दी उभी होती. त्याने तिच्याशी वाद घातला नाही. त्याने एका वाक्यात त्या गर्दीची माणसे केली. जो निष्पाप आहे त्याने पहिला दगड टाकावा असे म्हणताच प्रत्येकाला स्वतःचा हात दिसला, आणि ते एकेक करून निघून गेले, सर्वांत आधी वडीलधारे. कायद्याला जे जमत नाही ते सद्सद्विवेकबुद्धीला करता येते. आपला शब्द हजारांतला एक होता, हा बचाव तिच्यापुढे टिकत नाही. घाव घेणाऱ्याच्या अंगावर ते शब्द एकत्र पडले, तरी हिशेब मात्र एकेकट्याला द्यावा लागतो.

तर मग सारखेच आखूड, सारखेच निनावी, सारखेच थट्टेतले दोन शब्द. एक निर्दोष आणि दुसरा घातक. फरक कशाने पडतो? याचे उत्तर मला त्या धावत्या ओळींतल्याच एका चालीत सापडते. भयपट पाहताना एखादे अंगावर येणारे दृश्य जवळ आले की, तो आधी पाहून गेलेले लोक पुढच्यांसाठी इशारा लिहून ठेवतात. प्रत्यक्ष दृश्याच्या क्षणी तर ते इतके शब्द लिहितात की सगळा पडदा अक्षरांनी झाकून जातो आणि ते भेसूर चित्र दिसेनासे होते. या प्रकाराला ते 'अंगरक्षण' म्हणतात. त्या जागी कित्येक जण २०१२ साली सरकारने घोषित केलेली बारा समाजवादी मूल्ये, समृद्धी, लोकशाही, सुसंस्कृतता, सुसंवाद अशी ओळीने लिहितात. आपली आजी अंधारात क्रूसाची खूण करी, तशी. त्यात निम्मी थट्टा असते. पण उरलेल्या निम्म्यात काय असते? ज्याला आपण कधी पाहिले नाही, पाहणार नाही, जो कदाचित चार वर्षांनी एकटाच हे चित्र पाहील आणि घाबरेल, त्याच्या डोळ्यांपुढे धरलेला हात असतो. तोच गोळ्यांचा पडदा इथे ढाल होतो. या शब्दांना अर्थ जवळजवळ नाही, आणि तरी ते फुकट नाहीत.

तेव्हा फुकट शब्द म्हणजे हलका शब्द नव्हे, विनोदी शब्द नव्हे, आकड्यांत लिहिलेला तर मुळीच नव्हे. ज्याच्यावर तो जाऊन पडणार आहे त्या माणसाचा विचारही न करता सोडून दिलेला शब्द, तो फुकट. समोरच्या माणसासाठी उच्चारलेले 'लिऊ' देखील देवाच्या तराजूत भरेल, आणि त्याला विसरून उच्चारलेले धर्मवचनही तिथे हलके ठरेल. उपदेश करणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट अवघड वाटावी अशीच आहे.

त्या 'बिलिबिली' संकेतस्थळाने एक नियम केला होता. तिथले पुरे सभासदत्व हवे असेल, तर शंभर प्रश्नांची परीक्षा द्यायची आणि साठ गुण मिळवायचे. त्या प्रश्नांत अभिप्राय लिहिण्याच्या सभ्यतेविषयीही प्रश्न असत. बोलण्याआधी परीक्षा, ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडेही एक परीक्षा आहे, फक्त ती बोलून झाल्यावर, रात्री झोपण्यापूर्वी घ्यायची असते. दिवसभरात तोंडाने काय बोललो हे आपण तिथे तपासतो. अंगठ्याने काय बोललो, हेही आता तपासायला हवे. आणि ही परीक्षा मुलांनी एकट्यांनी द्यायची नाही. घरोघरी पुढे पाठवल्या जाणाऱ्या निरोपांत, लग्नकार्यावरच्या आणि शेजाऱ्यांवरच्या शेऱ्यांत आपणही पुष्कळ दगड उचलत असतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी अंतःकरणाच्या कानाने ऐकण्याचा विषय निवडला होता. संध्याकाळी रोझरी संपल्यावर घरातला मुलगा कोपऱ्यात जाऊन फोनवर काहीतरी लिहितो, स्वतःशीच हसतो. त्याने लिहिलेला शब्द आपल्याला कळत नाही. चिनी आईबापांनाही तो कळत नाही. अशा वेळी त्या शब्दाला नावे ठेवण्याआधी, बाळा, याचा अर्थ काय रे, एवढे विचारून पाहावे. कदाचित तो म्हणेल, याचा अर्थ छान. कदाचित तो म्हणेल, याचा अर्थ दमलो. दमलो म्हणाला, तर आधी त्याला जेवायला वाढावे. वाट लांबची आहे, हे त्याला नंतरही सांगता येईल.